चौथ्या मजल्याची बादली

सोमवार, २ फेब्रुवारी

आज ठरवलं, टर्बाइन, पंप आणि कॉम्प्रेसर शिकायचे. सत्तरी ओलांडलेला शिंपी असं काही बोलला की घरचे आधी कपाळाला हात लावून ताप बघतात. लेकीने बघितलाच.

कारण साधं आहे. आमच्या इमारतीत खालच्या टाकीतलं पाणी सकाळी तासभर पंप वर ढकलतो आणि ज्याने त्याने ते आपापल्या पिंपात भरून ठेवायचं. गेला महिनाभर हे पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत कसंबसं चढतं आणि तिथेच बसकण मारतं. चौथ्या मजल्यावर एकच घर, सिस्टरचं. इस्पितळातली नोकरी संपून त्यांना बरीच वर्षं झाली, पण अजून सगळे सिस्टरच म्हणतात. जसं मला मास्तर म्हणतात. शिंप्याला मास्तर म्हणायची रीत आहे म्हणून, नाहीतर मी उभ्या जन्मात कुणाला काही शिकवलेलं नाही.

त्यांच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, म्हणून रोज सकाळी मी खालून एक बादली वर नेऊन देतो. शेजारधर्म.

आज बादली टेकवली तेव्हा सिस्टर फोन ठेवत होत्या. म्हणाल्या, "भाची बावीस तारखेला येतेय. तोवर नळाला पाणी आलं तर ठीक, नाहीतर मला घेऊनच जाणार म्हणते. तिच्याकडे खोली रिकामी आहे, पाणी चोवीस तास."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बघू. आता सगळं पाण्यावर आहे."

खाली येऊन चेअरमनना गाठलं. ते म्हणाले, पंप म्हातारा झाला, मोठा घ्यावा लागेल, सभा बोलावू. त्यांच्या सभेतून आजवर फक्त पुढच्या सभेची तारीख निघालेली आहे. तसाच चालत कोपऱ्यावरच्या तंत्रशाळेत गेलो. तिथे संध्याकाळचा वर्ग सुरू होतोय, सोमवारी आणि बुधवारी, 'सर्वांसाठी खुला'. मी सर्वांत मोडतो. नाव घातलं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

पहिला वर्ग. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीपेक्षाही लहान. दारात मला बघून म्हणाल्या, "आजोबा, कुणाला सोडायला आलात?"

म्हटलं, "मलाच."

हसल्या आणि पहिल्या बाकावर बसवलं. बरं झालं, उजव्या कानाने मला कमी ऐकू येतं आणि त्या डावीकडे उभ्या राहून शिकवतात.

बाई म्हणाल्या, नावं तीन असली तरी हा सगळा एकच व्यवहार आहे. एक फिरणारं चक्र आणि एक वाहणारी गोष्ट. प्रश्न एवढाच, कोण कुणाला देतं. वरून येणारं पाणी चक्राला जोर देतं, तो टर्बाइन. चक्र पाण्याला जोर देतं, तो पंप. चक्र हवेला दाबून जोर देतं, तो कॉम्प्रेसर. म्हणजे कुटुंबात एक घेणारा आणि दोन देणारे. बऱ्याच घरांत याच्या उलट असतं.

घरी येऊन पायमशीनजवळ बसलो. पाय पायट्याला देतो, पायटा चाकाला, चाक पट्ट्याला, पट्टा सुईला. पन्नास वर्षं हे देणंघेणं माझ्या पायाखाली चाललं होतं आणि मी त्याला नुसती शिलाई म्हणत होतो.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

सिस्टर रोज बादली घेतात आणि आधी माझं मनगट धरतात. जुनी सवय. घड्याळाकडे बघत ओठांनी मोजतात. आज म्हणाल्या, "मास्तर, नाडी जोरात आहे. वयाच्या मानाने फारच."

"जिना आहे ना मधे. त्यात भरलेली बादली."

"हं. जिनाच असेल," म्हणाल्या आणि चहा ठेवला.

घरी लेक विचारते, "बाबा, हल्ली दाढी रोज करता?" जिन्यात घाम येतो, दाढीत खाजतं, हे तिला काय कळणार. तिने मधल्या खणातला निळा शर्ट इस्त्री करून बाहेर काढून ठेवला होता. म्हटलं, पाणी वाहायला एवढा शर्ट कशाला? म्हणाली, "पाण्याला चांगलं दिसायला नको?" माझ्या लेकीचा विनोद कधीकधी कापडाच्या उलट्या बाजूसारखा असतो. नक्षी असते, पण काय आहे ते उमगत नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

सकाळी बादली घेऊन गेलो तर तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांच्या खिडकीतून एक हिरवी रबरी नळी वर सिस्टरच्या गॅलरीत गेलेली दिसली. झाडांसाठी घेतली असणार. सिस्टरच्या गॅलरीत कुंड्याच कुंड्या. शहाणा विचार आहे. वकिलांचा छोटा मोटरपंप असतो कोपऱ्यात, एरवी तो धूळच खातो.

सिस्टरच्या स्वयंपाकघरातलं पिंप हल्ली झाकलेलं असतं, वर पोळपाट, त्यावर पातेलं. मी आज म्हटलं, बादली थेट पिंपात ओततो. त्या मधे आल्या. "राहू दे, आधी झाडांना घालते." आणि माझ्यासमोर अख्खी बादली कुंड्यांत रिती केली. पाण्याची एवढी टंचाई आणि बाई आधी झाडांचं बघतात. मोठं मन लागतं.

लेकीला हे सांगितलं तर तिने आधी निळ्या शर्टाकडे बघितलं. मग म्हणाली, "बाबा, ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ आहे?"

ताकाचा विषय कुठून आला कळलं नाही. मी तर पाणी द्यायला जातो, भांडं घेऊनच. सगळ्यांसमोर.

संध्याकाळच्या वर्गात हवेचा दिवस होता. हवा दाबली की तापते. बाईंनी सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून तो मारायला लावला, पंपाचं बूड गरम झालं. दाबून धरलं की तापायचंच, माणूस काय आणि हवा काय. म्हणून मोठे कॉम्प्रेसर मधे मधे हवा गार करून पुढे पाठवतात. आमच्या चेअरमनच्या सभेतही अशी सोय हवी.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आजचा धडा महत्त्वाचा. पंप पाणी वर उचलत नाही. तो पाण्याला गरगरा फिरवून बाहेर फेकतो, आणि त्या वेगाचा बाहेरच्या फुगत्या कवचात दाब होतो. दाब जेवढा, पाणी तेवढं उंच. म्हणजे पाणी चौथ्या मजल्यावर पोचत नसेल तर चक्र पाण्याला पुरेसं फेकत नाही. का फेकत नाही, ते शोधायचं.

बाईंनी एक वाक्य फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला तीनदा म्हणायला लावलं. एका वेळी एकच गोष्ट बदला, मग आकडा बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुणाचा ते कधीच कळत नाही. खरं आहे. कोट अंगाला बसत नसेल तर मी आधी खांदा उसवतो, मग बाही. दोन्ही एकदम उसवले की हातात कोट नाही, चिंध्या येतात.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

वायरमनला बोलावून पंप उघडला. वायरमन चांगला माणूस, पण घाईचा. म्हणाला, "मास्तर, महिन्यापूर्वीच तर मी मीटरपासून नवी केबल टाकली. तारेत काही दोष नाही. मोटर फिरते ना? फिरते. मग माझं काम झालं."

"फिरते रे बाबा. पण पाणी चढत नाही."

"ते पाण्याला विचारा."

झाकण काढलं. आत पितळी चक्र, त्याला पाच वाकडी पाती. झीज नाही, कचरा नाही. बंद करायच्या आधी मी वायरमनला मोटर क्षणभर चालू करायला लावून चक्र कुठल्या बाजूला फिरतं तेही नीट बघून घेतलं. पाती पुढच्या बाजूला वळलेली, पळीने आमटी घ्यावी तशी पाणी कवेत घेत फिरतात. अगदी बरोबर. पाणी उचलायचं तर पळीसारखीच हवीत. दोष चक्रात नाही, अशी नोंद केली. झाकण लावून पान्याने आवळलं.

आपण स्वतःच्या हाताने पंप उघडून मिटला, याचं मला आज जरा कौतुक वाटतंय. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या वाटलं नाही तरी चालेल.

शनिवार, १४ फेब्रुवारी

उद्या वाटलं नाही.

सकाळी पंप सुरू केला, मोटर गुरगुरली, आणि चौथा मजला सोडा, तळमजल्यालाही थेंब नाही. सगळी इमारत बादल्या घेऊन टाकीवर. वकील लुंगीवर खाली आले. चेअरमन म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकताय हे चांगलं आहे, पण थोडं कमी शिका."

मान खाली घालून बादली वर नेली. सिस्टर कठड्याशी उभ्या राहून सगळी रांग बघत होत्या. इतक्या खुशीत मी त्यांना महिनाभरात पाहिलं नव्हतं. "या मास्तर. आज सगळी इमारत चौथ्या मजल्यावर राहायला आलीय."

म्हटलं, "काल उघडला तोवर ठीक होता. परत तसाच मिटला. फरक काहीच नाही."

"उघडलात म्हणजे आत हवा गेली ना?"

"गेली असेल. हवाच ती."

"हवाच ती?" सिस्टरनी कपाळाला हात लावला. "अहो, आम्ही सुईतली हवा वर टिचकी मारून आधी काढतो, मगच टोचतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तुमच्या त्या पंपाला हवेची टिचकी मारा."

खाली आलो. पंपाच्या डोक्यावर एक छोटा स्क्रू आहे, तो मी शोभेचा समजत होतो. तो सैल करून वरून लोट्याने पाणी ओतत राहिलो. गुडगुड करत बुडबुडे निघाले, शेवटचा ढेकर दिल्यासारखा निघाला, मग नितळ पाणी वर आलं. स्क्रू आवळला, बटण दाबलं, तळमजला ते तिसरा पूर्ववत. म्हणजे होतो तिथे परत आलो, पण मधे एक गोष्ट शिकून. ती बाईंनी नाही, सिस्टरनी शिकवली.

दुपारी वर जाऊन सांगून आलो. खास गेलो असं नाही, लोटा त्यांचा होता.

सोमवार, १६ फेब्रुवारी

आज वर्गात डोकं फिरलं, आणि कुठल्या बाजूला ते कळेना.

बाईंनी पंपाचं चक्र फळ्यावर काढलं. पाती मागे वाकलेली. फिरण्याच्या दिशेच्या उलट, वाऱ्यात चालणाऱ्या बाईच्या पदरासारखी मागे पडलेली. म्हणाल्या, पंपाची पाती अशीच असतात. पाण्याला खेचत नाहीत, निसटू देतात. पाणी पात्यावरून घसरत बाहेर पडतं म्हणून वाया न जाता वेग घेतं.

म्हटलं, "बाई, आमच्या पंपाची तर पळीसारखी आहेत. पुढे."

"पळीसारखी नसतील आजोबा. नीट बघितलंत का?"

डोळ्यांनी बघितलंय. डोळ्यांवरच तर पोट भरलं आहे माझं. घरी येऊन कापडाच्या तुकड्यावर खडूने चक्र काढलं, टाचणीवर फिरवलं. एका बाजूला फिरवलं की पळी, दुसऱ्या बाजूला फिरवलं की पदर. तेच चक्र. लेक भाकरी भाजत होती, म्हणाली, "बाबा, जेवायला या, चक्र पळून जात नाही."

पळत नाही हे खरं, पण कुठल्या बाजूने पळत नाही हा प्रश्न आहे.

बुधवार, १८ फेब्रुवारी

वर्ग सुरू व्हायच्या आधीच हात वर केला. "बाई, पंप उलटा फिरवला तर पाणी उलटं जाईल ना? वरचं खाली?"

मागच्या बाकावरून दोघं-तिघं म्हणाले, जाणारच. मलाही तसंच वाटत होतं. आणि आमच्याकडे पाणी तर वरच जातं, म्हणजे पंप सुलटाच फिरत असणार. इथेच माझी गाडी दोन दिवस अडली होती.

बाई म्हणाल्या, "तोंडाने कशाला सांगू, करूनच बघू."

प्रयोगशाळेतल्या छोट्या पंपाला काचेचं झाकण आहे आणि वर उंच पारदर्शक नळी. बाईंनी आधी सुलटा चालवला. पाणी नळीत छतापर्यंत चढलं. मग बंद करून मोटरच्या तीन तारांपैकी दोन अदलाबदल केल्या. "बघा, एकच गोष्ट बदलली." चालू केला. चक्र डोळ्यांदेखत उलटं फिरू लागलं, पाती पळीसारखी पुढे, आणि पाणी खाली गेलं नाही. वरच चढलं. पण अर्ध्यावर जाऊन थांबलं आणि थरथरत उभं राहिलं.

अगदी आमच्या तिसऱ्या मजल्यासारखं.

बाई म्हणाल्या, कवच एकाच बाजूला उघडं असतं, चक्र कसंही फिरलं तरी पाणी बाहेर तिकडूनच पडतं. फक्त जोर गळतो. म्हणून हा दोष लोकांना कळत नाही. पाणी येतंय म्हणतात आणि पंपाला म्हातारा ठरवतात.

मी खाली बसलो. बाईंनी विचारलं, "आजोबा, बरं आहे ना?" म्हटलं, बरं आहे, पंप म्हातारा नाही एवढंच.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

बादली देऊन खाली आलो आणि पंपाच्या खोलीत शिरलो. बाई म्हणाल्या होत्या, कवचावर बाणाची ओतीव खूण असते. आमच्या पंपावर रंगाचे इतके थर की तो मूळचा कुठल्या रंगाचा हेही कुणाला आठवत नसेल. हाताने चाचपलं, थोडा उंचवटा लागला. खरवडायला कात्री काढली आणि परत ठेवली. कात्रीने कापडच कापायचं, हा नेम मोडायचा नाही. खिशात खडू होता, शिंप्याचा चपटा. तो आडवा धरून उंचवट्यावर हलक्या हाताने घासला. जाड कापडाखालची शिवण अशीच शोधतात. पांढरा बाण उमटला. वरून डावीकडे.

बटण दाबलं, तिथेच उभं राहून मोटरच्या मागचा पंखा बघितला. फिरत होता उजवीकडे.

महिनाभर. नवी केबल टाकल्यापासून. दोन तारा इकडच्या तिकडे, बस.

आनंद व्हायला हवा, झालाही. वायरमनला फोन केला. म्हणाला, "उद्या दिवसभर बाहेरचं काम आहे. परवा येतो. नाहीतर सोमवारी सावकाश."

'सोमवारी' हा शब्द ऐकून मी जरा थांबलो. सोमवारी म्हणजे अजून चार सकाळी. मग आठवलं, भाची रविवारी येणार. म्हटलं, "परवा. परवाच ये. सकाळी."

जेवताना अर्धी भाकरी ताटातच राहिली. लेकीने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, पंप सापडला. ती म्हणाली, "मग चेहरा हरवल्यासारखा का?"

पंप दुरुस्त झाला की बादलीचं काम संपणार, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. पायांना आराम मिळेल. चांगलंच आहे. चार मजले म्हणजे काही थोडे नाहीत.

शनिवार, २१ फेब्रुवारी

आजचा दिवस सविस्तर लिहितो.

वायरमन आला. खडूचा बाण बघितला, पंखा बघितला, डोकं खाजवलं. "मास्तर, चूक माझी नाही. तिन्ही तारा एकाच रंगाच्या दिल्या होत्या."

"तुझी कुठे म्हणतोय मी. फिरते ना? फिरते. मग तुझं काम झालं."

हसला बिचारा. दोन तारा बदलल्या. मी बटण दाबलं. आवाजच निराळा. आधी पंप कण्हत चालायचा, आता एकसूर, नव्या बॉबिनवर मशीन चालावी तसा. वायरमन निघून गेला आणि मी जिन्याच्या तळाशी उभा राहून वर बघत बसलो. पहिला मजला, दुसरा मजला, नळांचे आवाज. तिसऱ्यावरून वकील ओरडले, "मास्तर, माझी तोटी उडाली हो!"

आणि मग जिन्यावरून पाणी खाली आलं.

आधी एक ओघळ, मग पायरीपायरीने छान उड्या मारत. सिस्टरच्या स्वयंपाकघरातला नळ महिनाभर कोरडा होता, आला कळावं म्हणून त्यांनी तो उघडाच ठेवला होता आणि त्या नेमक्या खाली वाण्याकडे गेल्या होत्या. मी रिकामी बादली उचलली आणि धावत सुटलो. या वयात धावत. सिस्टरच्या घराची जादा किल्ली वकिलांकडे, वकील लुंगी सावरत पुढे, मी मागे. आत घोटाभर पाणी, मोरीच्या तोंडाशी फडकं अडकलेलं. नळ बंद केला. मग दोघं बादलीने पाणी उपसून बाहेर ओतत बसलो. महिनाभर मी ज्या जिन्याने पाणी वर नेलं, त्याच जिन्याने ते खाली पाठवत होतो. पंप उलटा केला की टर्बाइन, असं बाई म्हणाल्या होत्या ते हेच.

उपसताना पिंपाला धक्का लागला, पातेलं पोळपाटासकट घरंगळलं. पिंप काठोकाठ भरलेलं. वकिलांकडे बघितलं तर ते एकदम खिडकीतून बाहेर बघू लागले. गॅलरीतली ती हिरवी नळी खिडकीतून आत येऊन थेट पिंपात सोडलेली. म्हटलं, हे कधीपासून? वकील म्हणाले, "मास्तर, माझ्या अशिलाविरुद्ध मला साक्ष द्यायला लावू नका."

तेवढ्यात सिस्टर आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी ओली जमीन बघितली, मला बघितलं, गुडघ्यापर्यंत भिजलेला, निळ्या शर्टातला. नळाजवळ गेल्या, तो उघडला, धो धो पाणी आलं, तो बंद केला. परत उघडला, परत बंद केला.

"आलं," म्हणाल्या.

"आलं," मी म्हणालो.

रविवार, २२ फेब्रुवारी

भाची आली. चुणचुणीत बाई, हसरी. मला वर बोलावणं आलं, तिला पंप समजावून सांगायला. मी खडूचा तुकडा आणि कापडाचं चक्र घेऊन गेलो, पळी आणि पदर दोन्ही करून दाखवलं. तिने मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "मावशी, मग आता तू येत नाहीस."

"पाणी आलंय ना. आता कशाला येऊ?"

"पण पाणी तर वकिलांच्या नळीने पंधरा दिवसांपासून येतच होतं. तूच फोनवर सांगितलंस. मग काकांच्या बादलीचं काय करत होतीस?"

सिस्टर कप विसळायला उठल्या. तिकडूनच म्हणाल्या, "झाडांना घालत होते."

भाचीने कुंड्यांकडे बघितलं. मीही बघितलं. खालची पानं पिवळी पडली आहेत, माती चिखल झाली आहे. पाणी फार झालं त्यांना. सांगायला हवं होतं कुणीतरी.

"नळीने झाडांना का नाही घातलं?" मी विचारलं. मला खरंच कळेना.

भाचीला ठसका लागला. सिस्टरनी तिला पाणी दिलं. नळाचं.

जाताना भाची जिन्यात मला म्हणाली, "काका, मावशीची काळजी मिटली माझी. तुम्ही फक्त नाडी सांभाळा." इस्पितळवाल्यांच्या घरचे सगळे असेच बोलतात वाटतं.

सोमवार, २३ फेब्रुवारी

सकाळी उठलो, दाढी केली, बादली उचलली आणि टाकीपाशी जाऊन उभा राहिलो. तिथे आठवलं. पाणी गेलंय वर. बादली रिकामीच घेऊन परत फिरायचं, तर पाय जिन्याकडे. सवय. म्हटलं, चढतोच आहोत तर एकदा नळाचा जोर बघून येऊ. नवीन दुरुस्तीनंतर दोन दिवसांनी तपासणी करावी.

दार मी वाजवायच्या आधीच उघडलं. टेबलावर दोन कप होते, एक झाकलेला.

"उशीर केलात आज," सिस्टर म्हणाल्या.

"पाणी आणायचं नव्हतं म्हणून..."

"दिसतंय." रिकामी बादली बघून त्यांनी माझं मनगट धरलं. घड्याळाकडे बघितलं, ओठांनी मोजलं. मग घड्याळावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. "मास्तर, आज बादली रिकामी होती."

"हो."

"आणि सावकाश आलात. मी वरून बघत होते, प्रत्येक मजल्यावर थांबलात."

"हो."

"आणि नाडी तेवढीच आहे."

मी झाकलेला कप पुढे ओढला. चहा घेतला. चांगला होता. कुंड्यांना पाणी कमी घाला म्हणून सांगितलं, त्या हो म्हणाल्या. वर्ग अजून महिनाभर चालणार, टर्बाइन नीट व्हायचा राहिलाय, तर रोज सकाळी येऊन मला काय कळलं ते सांगा म्हणाल्या, ऐकायला बरं वाटतं. येईन म्हटलं.

खाली आल्यावर मशीनपाशी बसलो, पण काम काही झालं नाही. बाईंचं वाक्य डोक्यात फिरत होतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, मग आकडा बघा. बादलीचं वजन काढून घेतलं, जिन्याचा दम काढून घेतला, आकडा तोच. म्हणजे दोष बादलीत नव्हता आणि जिन्यातही नव्हता.

लेकीला हे सांगितलं. तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मग राहिलं काय, बाबा?"

म्हटलं, थांब, विचार करतोय.

बादली वरच विसरलो. उद्या आणायला जावं लागेल.